रेस्टॉर्मेलच्या दाराबाहेर

कॉर्नवॉलमधल्या लॉस्टविथिएल गावाच्या उत्तरेला, फॉय नदीवरच्या टेकडीवर तुम्ही उभे आहात. समोर रेस्टॉर्मेलचा किल्ला: काकणासारखा वाटोळा आणि आतून मोकळा. छप्पर गेलं, मजले गेले. पाटीच्या दगडाच्या जाड भिंती आणि कोरडा खंदक तेवढा उरला. भिंतीच्या माथ्यावरून गोल फिरता येतं. एक चक्कर मारा आणि खाली अंगणात उतरा. आता साल 1354 आहे.

आधी धूर नाकात जाईल. दरवाजाजवळच मुदपाकखाना आहे आणि आज तिथे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. भोवतालचं सगळं रान शिकारीसाठी राखलेलं, त्यामुळे हरणाच्या मांसाला तोटा नाही. भिंतीला आतून चिकटून खोल्याच खोल्या: मुदपाकखान्यापुढे मोठा दिवाणखाना, मग धन्याच्या खासगी खोल्या, प्रार्थनेसाठी चॅपेल, पाहुण्यांच्या खोल्या. धनी स्वतः आलाय. एडवर्ड, इंग्लंडच्या राजाचा थोरला मुलगा. 1337 मध्ये बापानं कॉर्नवॉलची डची निर्माण केली आणि सहा वर्षांच्या या पोराला तिचा ड्यूक केलं. पुढचे लोक त्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतील. तुम्ही मात्र त्याच्यासमोर तसं म्हणू नका, त्याला काही कळायचं नाही.

आता डोळ्यांपेक्षा कानांना कामाला लावा. दिवाणखान्यात ड्यूक आणि त्याचे सरदार फ्रेंचमध्ये बोलतायत. कोपऱ्यातला कारकून लॅटिनमध्ये हिशेब लिहितोय. तबेल्यापाशी मोतद्दार घोड्यांना आणि एकमेकांना इंग्रजीत शिव्या घालतायत. कॉर्नवॉलच्या मालकाच्या घरात तीन भाषा चालू आहेत, आणि त्यांत कॉर्नवॉलची एकही नाही.

ती ऐकायची तर टेकडी उतरून गावात जायला हवं. घाई नको, कथील तपासणीचा हंगाम येऊ द्या. तो वर्षातून दोनदा येतो. पाऊणशे वर्षांपूर्वी कॉर्नवॉलचा अर्ल एडमंड यानं कारभार लाँसेस्टनहून इथे हलवला आणि नदीकाठी कचेऱ्यांची भलीमोठी इमारत उठवली. तिच्या दारात खाणवाले थांबलेत. ओढ्यांच्या गाळातून धुऊन काढलेलं, भट्टीत वितळवून ओतलेलं कथील त्यांनी आणलंय. ड्यूकचा माणूस प्रत्येक लादीचा कोपरा छिन्नीनं उडवतो, कस पाहतो, कर घेतो, शिक्का मारतो. शिक्क्याशिवाय विक्री नाही. वरच्या मेजवानीचा बराचसा खर्च याच करातून निघतो.

पश्चिमेकडून आलेला एक म्हातारा लाद्या मोजतोय. ओनन, द्यू, त्री... ही कॉर्निश. वेल्श आणि ब्रेटन या तिच्या बहिणी. छिन्नीवाल्याला ती येत नाही, म्हातारा इंग्रजीत अडखळतो, मधे एक पोरगा दोघांची बोलणी इकडून तिकडे करतो. त्या पोराकडे नीट बघा. पुढची चारशे वर्षं त्याच्यासारख्यांवरच चालणार आहेत. सोयीसाठी दुसऱ्याची भाषा शिकायची ती नेहमी खालच्यानं, वरच्यानं नाही.

अपवाद क्वचितच. 1336 मध्ये एक्झेटरचे बिशप ग्रँडिसन पश्चिम टोकाच्या सेंट बरियनला गेले, तेव्हा तिथल्या काही लोकांकडून दुभाष्यामार्फत शपथ घ्यावी लागली होती. पण शाळा? प्लेगच्या साथीनंतर जॉन कॉर्नवॉल नावाच्या मास्तरांनी मुलांना लॅटिन शिकवताना फ्रेंच सोडून इंग्रजी वापरायला सुरुवात केली. हे जॉन ट्रेविसानं 1385 मध्ये नोंदवलं, आणि ट्रेविसा स्वतः कॉर्नवॉलचा. फ्रेंचची खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर इंग्रजी बसली. कॉर्निश रांगेतसुद्धा नव्हती.

म्हणून तिला अडाणी समजू नका. पेन्रिनच्या ग्लॅस्नी कॉलेजातल्या धर्मगुरूंच्या वर्तुळात याच शतकात कॉर्निश पद्यनाटकं रचली गेली, सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची. उघड्या मैदानात, गोल रिंगणात त्यांचे प्रयोग व्हायचे.

आता पुढे सरका. 1549. किल्ला ओस पडलाय. ग्लॅस्नी आदल्याच वर्षी बंद झालंय. इथून जवळच्या बॉडमिनला माणसं जमतायत, कारण लॅटिन प्रार्थना मोडून लंडननं इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलंय. आपल्यापैकी काहींना इंग्रजी समजतच नाही, असं ते लेखी कळवतात. त्यांनी कॉर्निश पुस्तक मात्र मागितलं नाही. त्यांना जुनी लॅटिनच हवी होती. उत्तर तलवारीनं मिळालं, हजारो मेले. वेल्शला 1588 मध्ये संपूर्ण बायबल मिळालं. कॉर्निशला ते मिळालं नाही. माझ्या मते रणांगणावर सांडलेल्या रक्ताइतकंच हे न झालेलं भाषांतर तिला महाग पडलं.

ऑगस्ट 1644. यादवी युद्ध. पडक्या रेस्टॉर्मेलमध्ये पार्लमेंटचे शिपाई शिरलेत आणि राजाच्या बाजूचा सर रिचर्ड ग्रेनव्हिल त्यांना हुसकून लावतोय. किल्ल्याची ही शेवटची लढाई. राजाच्या सैन्यातला रिचर्ड सायमंड्स रोजनिशी लिहीत असतो. त्याची नोंद अशी की कॉर्निश बोलतात ती ट्रुरोच्या पलीकडे. म्हणजे लॉस्टविथिएलपासून ती तीसेक किलोमीटर मागे हटलीय. 1777 मध्ये माउसहोलची मासे विकणारी डॉली पेंट्रीथ वारली आणि लोकांनी भाषेचंही श्राद्ध उरकून टाकलं. ते जरा घाईचंच झालं, कारण भाषेचे तुटक अवशेष काहींच्या तोंडी राहिलेच होते.

हेन्री जेनर यांनी 1904 मध्ये शिकणाऱ्यांसाठी कॉर्निशचं पुस्तक काढलं आणि मेली म्हटलेली भाषा लोक पुस्तकातून शिकू लागले. आज काही घरांत मुलांशी ती बोलली जाते. 2002 मध्ये ब्रिटिश सरकारनं तिला अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली मान्यता दिली. 2010 मध्ये युनेस्कोनं तिच्यावरचा ‘नामशेष’ हा शिक्का काढून ‘अतिधोक्यात’ असा मारला. आणि 2016 मध्ये त्याच ब्रिटिश सरकारनं तिच्यासाठीचं वर्षाला दीड लाख पौंडांचं अनुदान बंद केलं.

रेस्टॉर्मेलच्या भिंती सांभाळायला इंग्लिश हेरिटेज ही संस्था आहे, आणि तिनं त्या सांभाळल्याच पाहिजेत. पण ज्यांच्या कथलावर हा किल्ला पोसला गेला, त्यांच्या भाषेवरचा दीड लाखांचा खर्च जड वाटावा, हा हिशेब मला काही पटत नाही.