नाव पुसू नका, एवढंच मागितलंय

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही, कोडचा आहे.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, असं आपण सर्रास म्हणतो. पण फुकट म्हणजे बेवारस नव्हे. पैसे नाही घेतले, तरी बहुतेक लायसन्स एक गोष्ट मागतातच: बनवणाऱ्याचं नाव पुसू नका.

ही मागणी एकदा जरा जास्तच झाली होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी लायसन्समध्ये अट होती, की या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत श्रेयाचं वाक्य छापा. मग बाकीच्यांनीही आपापल्या नावाची वाक्यं घातली. १९९७ च्या नेटबीएसडीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्यं मोजली! शेवटी २२ जुलै १९९९ ला बर्कलीने जाहिरातीची अट काढली. कॉपीराइटची सूचना जपायची अट मात्र तशीच राहिली.

मग प्रश्न आला, नाव पुसलंच तर? रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळण्यातल्या रेल्वेसाठी त्यांनी इतरांसोबत मोफत सॉफ्टवेअर बनवलं. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फाइल्स घेतल्या, पण लेखकांची नावं आणि सूचना वगळल्या. खालच्या कोर्टाने ते फारसं मनावर घेतलं नाही. १३ ऑगस्ट २००८ ला वरच्या कोर्टाने सांगितलं, की श्रेयाची अट मोडली तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क संपत नाही.

आता आपल्याकडे या. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याची वेबसाइट मी केली. अक्षरांसाठी 'मुक्ता' फॉन्ट, मुंबईच्या 'एक टाइप'चा. बाकी एमआयटी लायसन्सच्या लायब्रऱ्या. तळाला 'श्रेय' अशी लिंक ठेवली. मालक म्हणाले, "काढून टाक रे, लोकांना वाटेल फुकटचं वापरलंय." मी म्हटलं, "साहेब, फुकटचंच आहे. नाव ठेवणं हीच त्याची किंमत." लिंक राहिली.

खरं तर एमआयटी लायसन्स वेगळं पान मागत नाही. कोडच्या प्रतीसोबत कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर राहावा, एवढंच. पण साइट हलकी करताना मिनिफायर कॉमेंट्स उडवतो आणि त्यात नावंही जाऊ शकतात. वेबपॅक ५ लायसन्सच्या कॉमेंट्स वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतं. ती फाइल सर्व्हरवर चढवायला विसरू नका.

आपल्या पालघर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. कपांवर, चादरींवर वारली चित्रं छापतात आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, तेव्हा आपल्याला खटकतंच ना? मग आपल्याच वेबसाइटवर तसं कशाला करायचं? आज घरी गेल्यावर आपल्या प्रोजेक्टमधली लायसन्सची फाइल एकदा उघडून वाचा. भेटू पुढच्या भागात!