सराईची मिळकत आणि विद्येचें दान

घराण्याचा इतिहास लिहूं पाहणाराची पहिली अडचण कागदांची नसते, मनाची असते. पूर्वज शूर, विद्वान्, निदान इनामदार तरी निघावा, असें आपण आधींच ठरविलेलें असतें. तो दुकानदार निघाला कीं लेखणी अडखळते. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं कुळवृत्तान्ताचें टिपण आमचे स्वाधीन करितांना, "विधवा पणजीनें भुसारी दुकान चालविलें, ही ओळ तेवढी गाळा," असें बजाविलें. त्या ओळीपुढें बसलों असतां आम्हांस लंडनमधील एका सराईचें स्मरण झालें.

टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, लंडनच्या जुन्या पुलालगत, साउथवर्क नांवाची वस्ती आहे. दक्षिणेकडून राजधानीस जाणारा वाटसरू रात्र येथील सरायांत काढी. चॉसर कवीचे यात्रेकरू ज्या 'टॅबर्ड' सराईंतून निघतात, ती येथलीच. 'क्वीन्स हेड' ही तिच्याच रस्त्यावरची. अशा सराईस गुत्ता म्हणावें तर अन्याय होतो, धर्मशाळा म्हणावें तर अतिशयोक्ति होते. मद्य, भोजन, बिछाना आणि घोड्यास तबेला, हें सर्व तेथें पैसे मोजून मिळे.

या सराईचा अमेरिकेंतील हार्व्हर्ड विद्यापीठाशीं संबंध आहे, हें १८८५ च्या सुमारास उजेडांत आलें. ज्या जॉन हार्व्हर्डचें नांव तें विद्यापीठ लावतें, त्याचे आईबाप कोण, हेंच तोंपर्यंत कोडें होतें. हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या अमेरिकन वंशशोधकानें लंडनमधील जुनीं मृत्युपत्रें वाचून तें सोडविलें. अडचण दुहेरी होती. एक तर त्या काळीं आडनांवाचें लेखन निश्चित नव्हतें. २९ नोव्हेंबर १६०७ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाचें नांव जॉन 'हार्व्ही', आणि बाप रॉबर्ट याचा धंदा खाटकाचा, असें आहे. दुसरें, १६२५ च्या प्लेगांत बाप व बहुतेक भावंडें दगावल्यावर आई कॅथरीन हिनें पिपें करणाऱ्या एका कारागिराशीं लग्न केलें, आणि तो लौकरच वारल्यावर रिचर्ड यारवुड नामक व्यापाऱ्याशीं. १६३५ चें तिचें मृत्युपत्र यारवुड याच नांवाचें. हार्व्हर्ड हें नांव शोधणारास तें सांपडावें कसें? आणि क्वीन्स हेड सराई जॉन यास मिळावी, हें तर त्याच कागदांत लिहिलेलें!

जॉन केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजांत शिकला, १६३७ सालीं अमेरिकेस गेला, आणि १४ सप्टेंबर १६३८ रोजीं, तिशी ओलांडते न ओलांडते तोंच, क्षयानें वारला. मरतांना त्यानें अर्धी मिळकत व सुमारें ४०० ग्रंथ १६३६ सालीं स्थापन झालेल्या कॉलेजास दिले. १६३९ सालीं कॉलेजानें त्याचें नांव धारण केलें. ते ग्रंथ १७६४ च्या आगींत जवळजवळ सर्व जळाले. नांव मात्र राहिलें.

विद्येच्या या दानामागें खाटकाचें दुकान आणि सराईची गल्लाही होती, याची लाज कोणास वाटावी? आम्हांस तर त्यापेक्षां दुसरीच गोष्ट बोचते. आईचें बदललेलें नांव कोणास ठाऊक नसल्यामुळें मुलाचा वंशच अडीच शतकें हरवला. आमच्याकडील वंशावळी तरी काय वेगळें सांगतात? बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू. लेकीसुनांची जागा कोरी.

क्वीन्स हेड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडली गेली. आज तेथील एका बोळास तेवढें तिचें नांव आहे. आमच्या टिपणांतील ती ओळ आम्हीं गाळली नाहीं. फक्त एक उणीव लक्षांत आली. दुकानाचा उल्लेख आहे, तें चालवून चार मुलें वाढविणाऱ्या पणजीचें नांव नाहीं. आतां शोध त्या नांवाचा करावयाचा आहे.