न्यूटनचा पूल आणि चकलीचा सोऱ्या

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की केंब्रिजची एक फेरी ठरलेली असते. किंग्ज कॉलेजचं चॅपल, दुपारचा चहा, आणि कॅम नदीत पंटमधून चक्कर. क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाखालून जाताना पंट ढकलणारा मुलगा हमखास एक गोष्ट सांगतो. म्हणे हा पूल न्यूटनने एकही बोल्ट न वापरता बांधला, पुढे विद्यार्थ्यांनी कुतूहलापोटी तो सुटा केला, आणि मग कोणालाच परत जोडता येईना! म्हणून हे बोल्ट. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. पूल झाला १७४९ साली आणि न्यूटन वारला १७२७ मध्ये. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधकाम जेम्स एसेक्सचं, आणि लोखंडी जोड पहिल्यापासूनच होते. लाकूड खराब झालं म्हणून १८६६ आणि १९०५ मध्ये पूल नव्याने उभारला, तोही मूळ आराखड्याबरहुकूम.

एथरिजचं नाव पंटवर कोणी घेत नाही. आपल्याला न्यूटन हवा असतो. चांगली वस्तू म्हणजे एका अलौकिक डोक्यातून निघालेली वस्तू, ही समजूत फार जुनी आहे. आणि गंमत बघा, ती समजूत मोडून काढायचं काम गेली काही दशकं याच गावात, त्या पुलापासून चालत दहाएक मिनिटांवर, ट्रंपिंग्टन स्ट्रीटवरच्या इंजिनिअरिंग विभागात चालू आहे. (फिट्झबिलीज बेकरी त्याच रस्त्यावर. पाहुण्यांना तिथले चेल्सी बन खाऊ घातल्याशिवाय सोडू नये.)

पण या कथेची सुरुवात केंब्रिजची नाही, जर्मनीची. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाहून फ्रान्झ रॉयलो या बर्लिनच्या प्राध्यापकाने घरी कळवलं, की आपला जर्मन माल स्वस्त आहे आणि वाईट आहे. 'मेड इन जर्मनी' म्हटलं की आपण मान डोलावतो, त्यांचा हा पूर्वेतिहास! यंत्राची रचना हाही शिकण्या-शिकवण्याचा विषय आहे, हा विचार तिकडे तेव्हापासून मुरत गेला. ब्रिटनमध्ये मात्र डिझाइन हे ड्रॉइंग ऑफिसातल्या अनुभवी माणसाचं काम, त्याला कसली आलीय पद्धत, असाच सूर होता. निर्यात घसरू लागली तेव्हा सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष जेफ्री फील्डन हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे, आणि फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनावर काम केलेले. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये आला. डिझाइनकडे आणि डिझायनरच्या शिक्षणाकडे देशाचं दुर्लक्ष झालं आहे, असा त्याचा सारांश. त्याआधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, लंडनच्या इंपिरियल कॉलेजात 'डिझाइनच्या पद्धती' या विषयावर पहिली परिषद भरली होती.

इथे एका माणसासाठी जरा थांबायला हवं, कारण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा तो दूरचा आजोबा लागतो. ख्रिस्तोफर अलेक्झांडर. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित आणि मग वास्तुशास्त्र शिकला, पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९६४ च्या त्याच्या पुस्तकात उदाहरण आहे ते चक्क एका भारतीय खेड्याचं! गुरं, विहिरी, जातीपाती, सण, शेतीचं पाणी अशा एकूण १४१ गरजा त्याने लिहून काढल्या, कोणती गरज कोणत्या गरजेशी निगडित आहे ते मांडलं, आणि त्या जाळ्याचे कमीत कमी गुंतलेले गट पाडले. त्यासाठी त्याने संगणकाचाही वापर केला होता. आज आम्ही मोठ्या सिस्टिमचे मॉड्यूल पाडतो तेव्हा दुसरं काय करतो? पुढे १९७१ मध्ये याच माणसाने जाहीर केलं, की 'डिझाइनच्या पद्धती' या चळवळीशी माझा काही संबंध नाही. लोक पद्धतीचाच अभ्यास करत बसले आणि चांगली घरं बांधायचं विसरले, अशी त्याची तक्रार. नंतर त्याने 'पॅटर्न'ची कल्पना मांडली आणि त्यातूनच १९९४ चं सॉफ्टवेअर डिझाइन पॅटर्नचं पुस्तक स्फुरलं. ते न वाचता आमच्या क्षेत्रात मुलाखतीला जाऊ नये.

जर्मन मात्र असे रुसणारे नव्हते. डार्मस्टाटचे गेरहार्ड पाल आणि बर्लिनचे वोल्फगांग बाइट्झ या दोन प्राध्यापकांनी १९७७ मध्ये यंत्ररचनेचं जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत आणलं केंब्रिजच्या केन वॉलेस यांनी, अरनॉल्ड पोमरन्स या अनुवादकाच्या साथीने, १९८४ मध्ये. हे भाषांतर सोपं नसणार. जर्मन 'कोन्स्ट्रुक्सिओन' म्हणजे बांधकाम नव्हे, तर यंत्राची रचना करणं. तिथूनच अडचणी सुरू. वॉलेस पुढच्या आवृत्त्यांचेही संपादक राहिले, आणि या पुस्तकाच्या नावाने इंग्रजी जगात डिझाइनची एक शाळाच ओळखली जाऊ लागली.

त्यांची पद्धत काय? दिवाळी आहे, तर सोऱ्याच घेऊ. समजा आपल्याला चकलीचा नवा सोऱ्या करायचा आहे. आपण काय करू? जुना सोऱ्या समोर ठेवून जरा बरा करू. पाल आणि बाइट्झ म्हणतात, थांबा. आधी सोऱ्या विसरा. पहिली पायरी म्हणजे मागण्यांची यादी, आणि तिच्यात दोन रकाने: असलंच पाहिजे, आणि असलं तर बरं. काटे न मोडता चकली पडली पाहिजे, घट्ट भाजणीही दाबली गेली पाहिजे, हे पहिल्यात. डिशवॉशरमध्ये टाकता आला तर बरं, हे दुसऱ्यात. मग दुसरी पायरी, संकल्पना. इथे वस्तूचं नाव काढायचं नाही, फक्त कार्य बोलायचं: पीठ साठवणं, दाब निर्माण करणं, तो पिठापर्यंत पोचवणं, पिठाला आकार देणं, पीठ कडेने वर येऊ न देणं. ऊर्जा, पदार्थ आणि संदेश या तीन गोष्टींचा प्रवाह यंत्रातून कसा जातो, ते रेखाटायचं. आता प्रत्येक कार्यासमोर जेवढे उपाय सुचतील तेवढे मांडायचे. दाबासाठी नुसता हात, आट्यांचा दांडा, तरफ, मोटर. ओळीओळींतून एकेक उपाय उचलला, की डझनावारी सोऱ्ये कागदावर तयार! बहुतेक निकामी. उरलेल्यांना मागण्यांच्या यादीवर गुण द्यायचे. तिसरी पायरी मूर्तरूप देण्याची, आणि तिथे तीन नियम: स्पष्टता, साधेपणा, सुरक्षितता. आट्यांचा सोऱ्या फिरवताना भांडंही फिरायला बघतं, ते कोण धरणार? जोर नक्की कुठून कुठे जातो, हे स्पष्ट नसेल तर रचना कच्ची. म्हणून पितळी सोऱ्याच्या अंगाला धरायला कान असतात. शेवटी तपशील: मापं, जाडी, धातू.

कोणी म्हणेल, आमच्या तांबटाने हे सगळं न वाचताच सोऱ्या केला. बरोबर आहे. पण तो पिढ्यान्‌पिढ्या करत करत तिथवर आला, आणि त्याला विमानाचं इंजिन करायचं नव्हतं. माझ्या मेकॅनिकलच्या मित्रांना 'मशीन डिझाइन' हा विषय होता. पुण्याच्या प्रा. भंडारींचं जाडं पुस्तक त्यांच्या उशाशी असे. शाफ्टचा व्यास ते लीलया काढत. पण इथे शाफ्ट हवाच कशाला, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. माझ्या मते पाल आणि बाइट्झ यांचं मोठेपण त्या प्रश्नात आहे. कोष्टकं भरून प्रतिभा येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण पहिल्या सुचलेल्या कल्पनेच्या प्रेमात पडण्यापासून ती वाचवतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

१९९१ मध्ये केंब्रिजच्या विभागात इंजिनिअरिंग डिझाइन सेंटर सुरू झालं, वॉलेस त्याचे प्रमुख. आपल्याकडचे अमरेश चक्रवर्ती यांनी केंब्रिजलाच पीएच.डी. केली, तिथे संशोधन केलं आणि मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये हा विषय रुजवला. १९९७ पासून सेंटरची सूत्रं जॉन क्लार्कसन यांच्याकडे आली आणि प्रश्नाचं तोंड बदललं. कारण प्रत्यक्षात कोऱ्या कागदावर डिझाइन करायचं भाग्य कितीजणांना मिळतं? बहुतेक काम म्हणजे आधीच्या गोष्टीत बदल.

क्लार्कसन, क्लॉडिया एकर्ट आणि त्यांचे सहकारी वेस्टलँड कंपनीत ईएच-१०१ हेलिकॉप्टरच्या अभियंत्यांशी बोलले. (हेच पुढे एडब्ल्यू-१०१ झालं. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी भारताने त्यातली १२ मागवली आणि २०१४ च्या सुरुवातीला तो करार रद्द केला, ते हेलिकॉप्टर.) प्रत्येक देशाला ते थोडं वेगळं हवं असायचं. एक उपकरण बदललं की वजन बदलतं, वजनाने सांगाडा, सांगाड्याने वायरिंग, असं लोण पसरत जायचं. अभियंत्यांना आपल्या शेजारचा परिणाम कळे, तिसऱ्या घरचा कळत नसे. मग या मंडळींनी एक चौकट आखली. आडवे-उभे तेच भाग, आणि प्रत्येक घरात दोन आकडे: हा बदलला तर तो बदलायची शक्यता किती, आणि बदललाच तर किती काम उपसावं लागेल. थेट आणि आडवाटेने येणारे सगळे धोके एकत्र करून कोणता बदल अंगाशी येईल, ते आधी सांगायचं. काही भाग बदल गिळून टाकतात, काही पुढे ढकलतात, काही त्याचा गुणाकार करतात. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. 'छोटासाच बदल आहे हो' हे वाक्य ग्राहकाच्या तोंडून ऐकलेल्या कोणत्याही आयटीवाल्याने ते वाचावं.

त्याच सेंटरने हातमोजेही बनवले आहेत. घातले की बोटं नीट वळत नाहीत, पकड आणि जोर कमी होतो. तरुण डिझायनरने ते चढवून आपलीच बाटली किंवा डबा उघडून बघायचा. सोऱ्याच्या यादीत 'सत्तरीच्या बाईला एकटीला फिरवता आला पाहिजे' हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते मोजे घातल्यावर पाच मिनिटांत ठरतं.