बक्षिसाच्या उंबरठ्यावर

चतुर्थीच्या जागरणाला पत्त्यांचा डाव पडला नाही असे घर आपल्याकडे विरळाच. ‘ब्लाइंड’, ‘पॅक’, ‘शो’ हे तीनपत्तीतले शब्द त्यामुळे वाचकांना नव्याने सांगायला नकोत. पोकर हा त्याच कुळातला, परंतु अमेरिकेत वाढलेला खेळ. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो-नौकांमुळे त्याचे नाव पणजीत घरोघर पोहोचले असले, तरी त्याच्या स्पर्धांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यातील एका प्रश्नापुरताच येथे विचार करावयाचा आहे. बक्षीसपात्र ठरण्यास एखाददुसराच खेळाडू बाद होणे बाकी असताना जवळच्या सर्व चकत्या पणाला लावाव्यात काय? पोकरच्या भाषेत याला ‘ऑल-इन’ म्हणतात.

१९७० साली लास व्हेगासच्या हॉर्सशू कॅसिनोचे मालक बेनी बिनियन यांनी नामांकित खेळाडूंचा मेळावा भरविला. विजेता ठरला तो चक्क मतदानाने. जॉनी मॉस यांना तो मान मिळाला. पुढच्या वर्षी ही पद्धत सोडून देण्यात आली. प्रत्येकाने ५,००० डॉलर भरून चकत्या घ्यावयाच्या आणि सर्व चकत्या एकाकडे जमा होईपर्यंत खेळावयाचे, असे ठरले. पुन्हा मॉसच जिंकले आणि जमलेले सर्व ३०,००० डॉलर एकटे घेऊन गेले. दुसरा आलेला आणि पहिल्याच तासाला उठलेला, दोघेही सारखेच रिकाम्या हाताने परतले. अशा स्पर्धेत आपला प्रश्न उद्भवतच नाही. जिंकण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक दिसला, की सर्व चकत्या पुढे सारणे हिशेबाला धरून होते.

१९७८ साली आयोजकांनी जमा रक्कम पहिल्या पाच जणांत वाटण्याचे ठरविले. त्या वर्षी ४२ खेळाडूंनी प्रत्येकी १०,००० डॉलर भरले. विजेते बॉबी बाल्डविन यांना त्यातील निम्मे, म्हणजे २,१०,००० डॉलर मिळाले. पोकरच्या इतिहासकारांनी मोठमोठ्या डावांची रसभरित वर्णने केली आहेत, पण माझ्या मते खरी क्रांती या वाटपात आहे. परिपत्रकातील एक ओळ बदलावी आणि साऱ्या खात्याची चाल बदलावी, हा अनुभव सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्यांना नवा नाही. पत्ते तेच, नियम तेच. मात्र चकतीचे मोल बदलले.

कसे, ते एका लहान उदाहरणाने पाहू. एकूण बक्षीस एक लाख रुपये. पहिल्याला ५०,०००, दुसऱ्याला ३०,००० आणि तिसऱ्याला २०,०००. चार खेळाडू उरले असून प्रत्येकाजवळ सारख्याच, २,५०० चकत्या आहेत. प्रत्येकाचा वाटा उघडच २५,००० रुपयांचा. आता दोघांनी सर्वस्व पणाला लावले तर हरणारा चौथा ठरून रिकाम्या हाताने उठेल. जिंकणाऱ्याच्या चकत्या दुप्पट होतील. पण त्याचा वाटा ५०,०००चा होईल काय? नाही. तो होतो सुमारे ३८,३३३ रुपयांचा, कारण न खेळता बसून राहिलेल्या दोघांनाही आयतेच बक्षीस पक्के झालेले असते. धोका २५,०००चा आणि लाभ १३,३३३चा! असा डाव स्वीकारण्यासाठी शंभरात किमान ६६ वेळा जिंकण्याची खात्री हवी. राण्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध शंभरात पंचावन्नच्या आसपास जिंकते. एरवी आनंदाने स्वीकारावा असा हा डाव या क्षणी टाकून देणेच शहाणपणाचे ठरते.

या हिशेबाचे मूळ फार जुने आहे. अर्धवट राहिलेल्या खेळातील पैसे कसे वाटावेत, या प्रश्नावर पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रव्यवहार केला आणि त्यातूनच संभाव्यतेचे गणित उभे राहिले. १९७३ साली डेव्हिड हारव्हिल यांनी घोड्यांच्या शर्यतीत दुसरा व तिसरा क्रमांक कोणाला मिळेल, याचे सूत्र मांडले. मेसन मालमथ यांनी १९८७ साली तीच रीत पोकरच्या चकत्यांना लावली. वरील उदाहरणातील आकडे त्याच रीतीने काढलेले आहेत.

येथे कोणी म्हणेल, मग घाबरून बसावे हेच खरे. तसे नाही. डाव स्वीकारणाऱ्याला जिंकण्याची एकच वाट असते. पण प्रथम सर्व चकत्या पुढे सारणाऱ्याला दोन. समोरचे पॅक झाले तरी त्याचे साधते. समोरच्याला ६६ टक्क्यांची खात्री हवी, हे ओळखूनच तो आव्हान देतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी आपल्या ग्रंथांत हे अंतर नेमके दाखविले आहे. म्हणून ज्याच्यापाशी चकत्यांची रास आहे तो या वेळी मधल्या फळीला मनसोक्त दटावतो. सर्वाधिक कोंडी होते ती या मधल्यांचीच, कारण गमावण्याजोगे त्यांच्याजवळ पुष्कळ असते.

तळाच्या खेळाडूची गोष्ट वेगळी. तीनपत्तीत ब्लाइंड खेळणे ऐच्छिक असते. पोकरमध्ये ते पाळीपाळीने सक्तीचे, आणि ठरावीक वेळाने वाढत जाणारे. बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रिएल यांनी यासाठी सोपे माप सांगितले : जवळच्या चकत्यांना एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागावे. १९९५ चे विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी २००४ पासून निघालेल्या आपल्या पुस्तकांतून ते रूढ केले. फेरीचा खर्च ३,००० आणि जवळ १२,००० असतील, तर भागाकार चार. पाच किंवा त्याहून खाली आले, की पॅक होणे वा सर्वस्व लावणे एवढेच उरते, असे हॅरिंग्टन बजावतात. फार वाट पाहिली, तर आव्हानाला कोणी भीकही घालत नाही.

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस छोट्या रकमेच्या ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून येऊन ८३९ जणांत पहिला आला आणि गर्दीला सीमा उरली नाही. २०२३ साली याच स्पर्धेत १०,०४३ जण उतरले. १,५०७ जणांना बक्षिसे होती. त्यातील सर्वांत लहान १५,००० डॉलरचे. १,५०८व्याला रोख बक्षीस नाही. ही वेळ आली की सर्व टेबलांवर एकेकच डाव एकाच वेळी खेळवितात. नाहीतर दुसऱ्या टेबलावरचा कोणी आधी बाद व्हावा म्हणून तळाचे खेळाडू मुद्दाम वेळ काढतात.

मालमथ यांचे कोष्टक सर्वांचे डॉलर सारखेच मोजते. तीच रक्कम गरिबाला आणि श्रीमंताला सारखी नसते, हे डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ सालीच लिहून ठेवले होते. पदरचे १०,००० भरून दरवर्षी येणारा व्यावसायिक आणि छोट्या पात्रता-स्पर्धेतून आलेला नोकरदार एकाच टेबलावर, तेच पत्ते हाती घेऊन बसलेले असतात. व्यावसायिकाला १५,००० डॉलर म्हणजे केवळ खर्चाची भरपाई. नोकरदाराच्या घरचे त्यात एखादे जुने कर्ज फिटते. आव्हान देणाऱ्याला हेही ठाऊक असते, आणि तो नेमका नोकरदाराची पाळी पाहूनच चकत्या पुढे सारतो.