शहर पोलिसांच्या फुटबॉलची कुळकथा

चिक्कडपल्लीचा हमरस्ता सोडून नारायणगुड्याच्या वाटेने बशीरबागेकडे निघाले, म्हणजे ज्या विस्तीर्ण क्रीडांगणापाशी आपण येऊन पोहोचतो, त्याला 1967 पासून लाल बहादूर शास्त्रींचे नाव असले, तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडी ते अजून फतेह मैदानच आहे. आणि 1687 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने गोवळकोंडा घेतला, त्या विजयाशी त्या नावाचा संबंध जोडला जातो. हैदराबाद शहराने हिंदुस्थानच्या फुटबॉलला जी खेळण्याची एक स्वतंत्र रीत दिली, तिचा उगम मात्र कोणत्याही विजयी फौजेत नसून एका शाळामास्तराच्या चिकाटीत आहे.

हा खेळ येथे आला तो सिकंदराबादच्या छावणीतील गोऱ्या पलटणींबरोबर. शहरात तो रुजला, आणि त्याला स्थैर्य मिळाले ते पोलीस खात्याच्या आश्रयाने. पैसे घेऊन खेळणे त्या काळी आपल्याकडे उघडपणे मान्य नव्हते. तथापि चांगल्या खेळाडूस खात्यात नोकरी, दरमहाचा मुशाहिरा आणि सरावापुरती सवड देण्याचा शिरस्ता पडला, आणि गरिबाघरच्या मुलांना खेळावर पोट भरण्याचा मार्ग त्यातूनच सापडला. धंदेवाईक संघाचे आपल्याकडील आद्य रूप मी यालाच समजतो.

तो शाळामास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. त्यांचा जन्म 1909 चा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर झाल्यावर काचीगुड्याच्या शाळेत आणि पुढे दारुल उलूम व चादरघाट या शाळांत त्यांनी अध्यापन केले, आणि शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन तेथील खेळांची व्यवस्थाही पाहिली. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद आणि 1950 पासून शहर पोलीस संघाचे प्रशिक्षण, ही दोन्ही कामे त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. आपल्याकडील खेळाडूंना चेंडू पायात घोळवीत, एकामागून एक प्रतिस्पर्ध्यास चकवीत जाण्याचा मोठा सोस होता, आणि प्रेक्षकांची वाहवाही त्यालाच मिळे. त्या सोसावर रहीमसाहेबांनी उपदेशाचा नव्हे, तर नियमाचा उपाय योजला: चेंडू घोळविण्यास मुळीच मुभा नाही, अशा स्पर्धा त्यांनी भरविल्या, जेणेकरून चेंडू पायाशी येताच तो कोठे धाडावयाचा याचा निर्णय खेळाडूस आधीच करून ठेवावा लागे. ज्यांत केवळ दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. माणसापेक्षा चेंडू अधिक वेगाने धावतो, आणि तो दमत नाही, एवढे साधे तत्त्व या सगळ्याच्या मुळाशी होते. अंगापिंडाने बेताच्या असलेल्या आपल्या मुलांना धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशी धक्काबुक्की न करताही जिंकता येते, हे त्यातून सिद्ध झाले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय.

तिचे फळ आधी मुंबईकरांनी पाहिले. कूपरेजच्या मैदानावर भरणारा रोव्हर्स चषक शहर पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला. 1950 मध्येच ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला नमविले. नूर मुहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन ही नावे तेव्हा देशभर गाजली. रहीमसाहेबांच्या हाताखाली घडलेला, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा निर्धन घरचा मुलगा. सरावासाठी शहरात येण्याचा खर्च त्याला झेपेना, तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी पदरचे दिले. संतोष चषकाच्या लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत, 1956-57 आणि 1957-58 मध्ये, हैदराबादने मुंबईलाच हरविले.

राष्ट्रीय संघाची धुराही रहीमसाहेबांकडेच होती. 1951 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. पण 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पराभव केला, आणि अनवाणी खेळण्याचे दिवस संपल्याचे सर्वांना उमगले. त्यानंतर त्यांनी संघाची रचनाच पालटली, आणि ब्राझीलने 1958 च्या विश्वचषकात जगप्रसिद्ध केलेली चार-दोन-चार ही मांडणी आपल्या खेळाडूंना त्याआधीच शिकविली. 1956 मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठणारा आशियातील तो पहिला संघ होता. 1962 मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियावर 2-1 असा विजय मिळवून त्यांनी दुसरे आशियाई सुवर्णपदक आणले, तेव्हा कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. 11 जून 1963 रोजी त्यांचे निधन झाले, आणि शहर पोलिसांचा वारसा चालविणाऱ्या आंध्र पोलीस संघाचे तेज त्यानंतर ओसरत गेले.

एका माणसाच्या पश्चात ही परंपरा टिकू नये, याचा दोष नशिबावर ढकलता येणार नाही. रहीमसाहेबांच्या त्या स्पर्धा खंड न पाडता चालविणे ही संघटनेची जबाबदारी होती. हैदराबादच्या ज्या मराठी घरांत फतेह मैदानावरील किंवा कूपरेजवरील त्या सामन्यांची कात्रणे, तिकिटे, छायाचित्रे अद्याप जपलेली असतील, त्यांनी ती चिक्कडपल्लीच्या शहर मध्यवर्ती ग्रंथालयाकडे सुपूर्द करावीत, आणि ज्यांना तो खेळ आठवतो त्यांनी तो लिहून काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.