परतीची वाट : व्हिस्टाकडून एक्सपीकडे

नवं तंत्र कधी आलं याच्या तारखा सगळीकडे मिळतात. लोक मागे कधी फिरले, हे मात्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही. 2007 साल त्याला अपवाद आहे.

त्या वर्षी 30 जानेवारीला विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीला आला. आधीचा एक्सपी ऑक्टोबर 2001 चा. म्हणजे मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तेवढ्यात एक्सपी नुसता हाताला बसला नव्हता, तर त्याच्याभोवती प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचे प्रोग्रॅम असा सगळा संसार उभा राहिला होता. व्हिस्टाने ड्रायव्हरची रचनाच बदलली. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा. तो नवा मिळाला नाही की चांगला चालणारा प्रिंटर गप्प! शिवाय एक्सपीला किमान 64 एमबी मेमरी पुरायची, व्हिस्टाला किमान 512, आणि तीही नावालाच.

लोक नव्याला बिचकले, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. परत फिरण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातच होती. व्हिस्टा बिझनेस किंवा अल्टिमेट घेणाऱ्याला एक्सपी प्रोफेशनल वापरायचा हक्क होता. आता गंमत बघा, परवाना व्हिस्टाचा आणि पडद्यावर एक्सपी! एप्रिल 2007 मध्ये ग्राहकांच्या मागणीवरून डेलने काही घरगुती संगणकांवर पुन्हा एक्सपी देऊ केला. एक्सपीची विक्री जानेवारी 2008 अखेर थांबायची होती, ती जूनपर्यंत लांबली. स्वस्त, छोट्या नेटबुकांसाठी तर त्यानंतरही चालू राहिली, कारण व्हिस्टा त्यांना झेपणाराच नव्हता.

आता मराठीपुरतं थोडं. एक्सपीत युनिकोड देवनागरी मुद्दाम सुरू करावी लागे. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, खूण करायची, आणि मग तो सीडी मागायचा. सीडी कपाटात सापडली नाही तर जोडाक्षरं तुटलेली, पहिली वेलांटी भलत्याच बाजूला. व्हिस्टात ही सोय मुळातच सुरू होती. म्हणजे जो मागे फिरला त्याचा प्रिंटर परत आला, पण आपली लिपी मात्र पुन्हा सीडीवर अवलंबून राहिली. त्या काळी मराठी छपाईचं पुष्कळ काम युनिकोडबाहेरच्या फॉन्टांवर चालायचं. या तोट्याची तक्रार फारशी झाली नाही, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

आणि मागे फिरणाऱ्यांना, किंवा हललेच नाहीत त्यांना, मुदत होतीच. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले. तरी आपल्याकडच्या कितीतरी एटीएममध्ये तो चालूच होता. शेवटी जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना जून 2019 ची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे ती यंत्रं टप्प्याटप्प्याने बदलायला लागली.