रंग उडालेले अंडे : एका कुक्कुटरोगाच्या शोधाची हकीकत

कोंबडीने अंडी देणे थांबविले की ‘ती खुडूक झाली’ एवढ्या एका वाक्यात आपल्याकडे प्रश्न निकालात निघतो. हे निदान पुष्कळदा खरेही ठरते. उबविण्याची ओढ, पिसांची झड किंवा आखूड होत गेलेला दिवस, यांपैकी कोणत्याही कारणाने निरोगी कोंबडी अंडी देणे बंद करते. परंतु १९७६ साली नेदरलंड्समधून ज्या प्रकाराची नोंद झाली, तो यांपैकी कोणत्याच सदरात बसत नव्हता. कोंबड्या ऐन बहरात होत्या आणि पाहता निरोगीच दिसत होत्या. तरीही तपकिरी अंड्यांचा रंग प्रथम फिका पडला, मागोमाग कवच पातळ व मऊ झाले आणि अखेर कवचावाचून अंडी पडू लागली. असे कळप पुढे अनेक देशांत आढळले. त्यांतील काहींचे उत्पादन चाळीस टक्क्यांपर्यंत घटले व ही घट चार ते दहा आठवडे टिकली.

रंगच आधी का जावा, याचे उत्तर अंड्याच्या घडणीत आहे. अंडे तयार होण्यास लागणाऱ्या सुमारे पंचवीस तासांपैकी वीसएक तास ते कवचग्रंथीत असते, आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य त्यावर मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढते. ग्रंथीच्या पेशींस इजा झाली की हे अखेरचे काम बिघडते. पांढऱ्या अंड्यांच्या जातींत अर्थातच ही पूर्वसूचना मिळत नाही.

तथापि रंग उडणे हे एकाच रोगाचे लक्षण मानता येत नाही. १९३१ साली अमेरिकेतील नॉर्थ डाकोटातून पिलांच्या संदर्भात वर्णिला गेलेला सांसर्गिक श्वासनलिकादाह पुढे अंडी देणाऱ्या कोंबड्यांतही फिकी, वेडीवाकडी अंडी आणतो असे दिसून आले. १९५५ साली प्रचारात आलेले निकार्बाझिन हे पिलांच्या कॉक्सिडिओसिसवरील औषध चुकून अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले, तर तपकिरी अंडी पांढरट होतात; मात्र औषध थांबविल्यावर काही दिवसांत रंग परततो. म्हणजे पहिला संशय खाद्यावर घेणाऱ्या पाळकाला अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

फान एक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अशा कळपांच्या रक्तात ॲडेनोव्हायरसाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखविली. उत्तर आयर्लंडमध्ये मॅकफेरन यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. त्याच्या नमुन्यास ‘१२७’ हा क्रमांक मिळाला. कोंबडीच्या ज्ञात ॲडेनोव्हायरसांहून तो निराळा निघाला, कारण तो कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींचे पुंजके करीत असे. बदकाच्या पेशींत तर तो जोमाने वाढे. बदकांत हा संसर्ग पूर्वापार असून सामान्यतः त्यांस त्याचा उपद्रव होत नाही, हे लवकरच उघड झाले.

मग बदकाचा विषाणू कोंबडीत आला कसा? त्या काळी मारेकच्या रोगाविरुद्धची लस काही ठिकाणी बदकाच्या गर्भपेशींत वाढविली जात होती आणि तीच दूषित झाली असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. आमच्या मते या हकीकतीचा सर्वांत विचारार्ह भाग हाच. एका भयंकर रोगापासून कळप वाचविण्यासाठी जे साधन योजिले, त्याच्याच मार्गे दुसरा रोग शिरला असण्याचा संभव आहे, आणि तो लबाडीने नव्हे, तर ज्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती अशा वाटेने.

विषाणू अंड्यातून पुढील पिढीत उतरतो. पिलू वाढत असता तो दडून राहतो, आणि कोंबडी अंड्यावर येऊन उत्पादनाच्या शिखराजवळ पोचली की जागा होतो. त्यामुळे तपासणीत पूर्वी निर्दोष ठरलेली कोंबडीही पुढे पैदाशीस अपात्र ठरू शके. म्हणून मूळ पैदाशीच्या कळपांतूनच बाधित पक्षी वगळण्यात आले, व तैलयुक्त मृत लसही वापरात आली. बहुतेक देशांत रोग आटोक्यात आला. तरी तळी व पाणथळ जागांजवळच्या कळपांत तो मधूनमधून डोके वर काढतो. तेथे बदके, हंस व इतर जलपक्षी यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी कोंबड्यांच्या पिण्यात येते.